गोठवलेले गुण

कणकवलीच्या डॉक्टरांनी लिहिलं,
घसरून पडल्यामुळे डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला.
मी म्हटलं, नुसतं घसरून नाही हो,
ताशी सत्तरच्या वेगानं, अकराव्या दाराशी.
त्यांचं पेन थांबलं. ‘दार? कुणाच्या घराचं?’
मग मीच हसले, राहू दे म्हटलं.
घसरून पडल्यामुळे.
खोटं थोडंच आहे.

अर्ज तीन पानी.
एकवीस तारखेच्या आत पोचला नाही
तर नाव दर महिन्याला खाली खाली जातं,
आणि मग एके दिवशी यादीच्या कागदावरही मावत नाही.
पोचला, तर गुण गोठवतात.
हाच शब्द त्यांचा. बाबांना वाचून दाखवला,
ते कारखान्याच्या दारात बनियनवर उभे,
‘गोठवूचेच होते, तर आमका सांगूचा होता.’

देवगड बंदर. जेटीच्या मागे आमचा बर्फाचा कारखाना,
अमोनियाच्या वासाचा, गंजलेल्या पत्र्याचा.
लहानपणी लादीवर बसून घसरायचे मी इथल्या उतारावरून,
दहा पावलांचा उतार, खाली बांगड्यांच्या पाट्या.
पुढचं सगळं तिथूनच.

माझा यंदाचा हिवाळा असा:
फेब्रुवारी, कैऱ्या सुपारीएवढ्या,
पाठीला घामाची धार आणि पाय लादीवर.
सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा.
ट्रॉलरवाले येता-जाता बघतात.
‘जुवाटकरांच्या चेडवाक काय झाला?’
‘बर्फान पाडल्यान.’
‘मगे बर्फच लावतंत?’

यांगचेनचा फोन येतो सोलंगहून.
मागे वारा, शिट्ट्या, कुणीतरी आकडे पुकारतंय.
म्हणाली, दोन शर्यती जिंकले,
तरी यादीत माझ्या वर अजून तुझंच नाव.
हसली.
पण हसण्याआधी तिनं श्वास घेतला,
तो मला ऐकू आला.
मी काय सांगणार? नियम आहे.
नियमात हेही आहे की दर वर्षी
गोठवलेल्या गुणांवर थोडा थोडा भार चढतो,
म्हणजे फार काळ कुणी झोपून राहू नये.
हे मी तिला सांगितलं नाही.

जेटीवर सदू खवळ्यांच्या होडीची जागा रिकामी आहे.
दिवाळीला इंजिन गेलं, मग त्यांची किडनी.
कुणी कुठं लिहिलेलं नाही,
तरी त्या दोन खुंट्यांमध्ये कुणी दोर बांधत नाही.
शिमग्यापर्यंत नाही बांधणार.
शिमग्यानंतर कुणीतरी हळूच विचारील,
आणि त्यात कुणाला काही वाईट वाटणार नाही,
खवळ्यांची बायको सोडून.

मी रात्री गणित करते.
नऊ महिने, पैकी चार गेले. गुडघा एकशे दहा अंशांत वाकतो.
मासा बर्फात टिकतो, पण ताजा राहतो का,
हे जेटीवरच्या कुठल्याही बाईला विचारा,
ती कल्ले उचलून बघते.
माझे कल्ले कोण उचलणार, कुठल्या डोंगरावर?

काल हौदाचं लाकडी झाकण सरकवून बाबा डबे बघत होते.
गोड्या पाण्याचे डबे, भोवती मिठाचं पाणी,
उणे नऊ अंश, आणि हलतंय.
मी विचारलं, हे का नाही गोठत?
इतकी वर्षं या घरात राहून
कधी विचारलं नव्हतं.
‘खारा पाणी गोठत नाय,’ बाबा म्हणाले,
‘म्हणान तर गोडा गोठता.’
आणि पाना घेऊन कॉम्प्रेसरकडे गेले.

मी हात घातला त्यात, मनगटापर्यंत.
कुठल्याही डोंगरानं इतकं भाजलं नव्हतं.
बोटांमधून ते सारखं वाहत होतं.

मागे क्रशर सुरू झाला, पहिली गाडी लागली असणार.
पाय लादीवरून काढायला विसरले होते,
पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.