आतली भर

वरचं कापड सगळेच निवडतात.
फुलं की चौकटी, पोपटी की निळं,
तासभर उभे राहतात माझ्या दुकानात
आणि आतल्या भरीचं विचारलं की
'द्या काहीतरी.'
टाइक्रोब मात्र सरळ मागच्या फळीशी गेला,
जिथे गुंडाळ्या रचून ठेवते मी,
तेव्हा मी कात्री खाली ठेवली.

बाहेर उणे एकतीस. सस्कॅचवानचा जानेवारी.
त्याच्या मिशीतला बर्फ
काउंटरवर टपटपत होता.
'रोजच्या पलंगाला हवीय, डोरीन.
प्रदर्शनात टांगायची नाही.'

मी नेहमीचं विचारलं.
टाके मशीनवर?
— हातानं. वरचा भाग आगाथानं जोडून ठेवलाय,
टाके मी घालीन.
दोन ओळींत अंतर?
— चार बोटं.
(जन्मभर कंबाइन दुरुस्त केलेली बोटं.
मी मनात सहा धरली.)
कुत्रं चढतं अंथरुणात?
— चढायचं.
कापड गडद?
— निळं. जवळजवळ काळं.
मग पांढरं पॉलिएस्टर नको म्हटलं,
वर्षभरात तंतू वर येतात,
दोन दिवस दाढी न केल्यासारखं दिसतं.

तो ऐकत नव्हता.
लोकरीच्या गुंडाळीत मनगटापर्यंत हात घालून
उभा होता, घोड्याच्या मानेखाली घालावा तसा.
'ही,' म्हणाला.
मी मोजायला घेतली. अडीच मीटर.
आणि सवयीनं शेवटचा प्रश्न:
धुणं कुणाकडे?

'तिथेच धुतात.
बुधवारी. सगळ्यांचं एकत्र.
उकळत्या पाण्यात, आणि मग तो मोठा ड्रायर.'

तसा ड्रायर गावात एकच आहे.
रुळांपलीकडच्या वृद्धाश्रमात.

मी लोकर परत गुंडाळली.
दोन बुधवारांत तिचा नमदा होईल,
रजई उशीएवढी होऊन परत येईल,
हे मी सांगितलं, खाली बघत.
काळं पॉलिएस्टर काढलं.
उकळा, पिळा, आपटा, हिला काही होत नाही.
'उबदार?'
उबदार.
'वजन?'
पिसासारखी, म्हणाले मी, जरा अभिमानानंच.

'तिला वजन लागतं,' तो म्हणाला.
'नाहीतर रात्री उठते
आणि घरी यायला निघते.'

मग मी खालच्या फळीवरचा कापूस ओढला.
सरकी पुरती न निघालेला, काळे ठिपके असलेला,
जो कुणी मागत नाही.
आटतो, पण एकदाच. आधी गरम पाण्यात बुडवून घ्या.
सुरकुत्या पडतील.
'पडू देत, आम्हालाही आहेत.'
एक थर की दोन? दोन घेतले तर सुई जड जाईल.

त्यानं कोटाची बाही वर केली,
हात काउंटरवर पालथा ठेवला.
'घाल.'

मी एक थर घातला.
त्यानं बोटं हलवून पाहिली. डोकं हलवलं.
दुसरा घातला, कडा दाबल्या,
लेकराला दाबतात तशा, विचार न करता.

बटणांची डबी घेऊन कुणीतरी मागे थांबलं होतं.
दाराची घंटा वाजली, थंडी आत आली, गेली.
टाइक्रोबनं हात काढला नाही.

'आता,' म्हणाला,
'आता उठवत नाही.'