हिरवा दिवा

सहाशे नव्याण्णवला घेतली चिप,
काडेपेटीएवढी. स्टिअरिंगखाली खुपसली
की हिरवा दिवा लुकलुकतो
आणि इंजिनाला, म्हणे, पस्तीस टक्के जास्त जोर.

वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे,
मला तो जोर जाणवलाही.
हेमराजला फोन करून सांगितलं,
गाडी उडते लेका.
त्याच आठवड्यात टायरांत हवा भरली होती,
एअर फिल्टरमधली मे महिन्याची धूळ झटकली होती,
हे नाही सांगितलं.

बाबांनी एकतीस वर्षं काढली
कोराडीला, पॅनलसमोर.
त्यांनी चिप मागितली,
चष्मा कपाळावर सारला,
पेचकसाने डबी उघडली ओट्यावर.
"सोळा पाय हायेत इले. जोडले किती, पाह्य.
करंट घेते, दिवा लावते, बस.
इंजिनाले तं इचं नावबी माहीत नाही."
हसले नाहीत.
"दिवा लागला म्हणजे वीज बनली
असं नसते बाबू."

मी म्हणालो, परत करतो.
"काय?"
पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने.

त्यांच्या कानामागे ते यंत्र,
बर्डीच्या फुटपाथवरून आणलेलं, साडेचारशेचं.
त्याचाही एक हिरवा दिवा लुकलुकत होता.
"हे लावल्यापासून," ते म्हणाले,
"कूलरचा आवाजबी सुटत नाही माह्या कानातून.
आताबी आयकू येऊन राह्यला."

लाइट गेली होती केव्हाची.
कूलरच्या पात्यावर एक माशी बसली होती, निवांत.

मी पेचकस उचलला
आणि जागेवर ठेवून दिला.