कसर

ओगिनोसान आधी हात धुतात,
मग टोपी काढतात, मग बोलतात.
टपाल कचेरीत पस्तीस वर्षं शिक्के मारले त्यांनी,
म्हणून कागदावर शाई कुठे जड बसली
ते त्यांना चष्म्याशिवाय कळतं.

तीन पानांचं एक युद्ध आहे.
उजवं पान त्यांनी माझ्या वडिलांकडून घेतलं,
हप्त्यांवर, बायकोला न सांगता:
नदीकाठी बुजलेला घोडा, खोगीर रिकामं.
डावं, बऱ्याच वर्षांनी, ओसाकाच्या लिलावात:
बाणांनी साळिंदर झालेला म्हातारा सामुराई,
अजून उभाच.
मधलं नाही.
घरी दोन चौकटींमध्ये
एका पानाची भिंत त्यांनी उघडी ठेवली आहे.

परवा कुसाकाबेबाई आल्या, नूडल्सचं खोकं घेऊन.
सासूच्या किमोनोंखाली सापडलं म्हणाल्या.
मी फोनवर एवढंच म्हटलं, "या."
कानाझावाचा ओला बर्फ पडत होता,
ते छत्रीही न घेता आले.

निळा रंग तसाच, खोल.
मागच्या बाजूला छापताना घासल्याची वर्तुळं.
तलवार, चिलखताची दोरी न् दोरी,
आणि जिथे चेहरा हवा
तिथे फिकट डाग, अंगठ्याएवढा.

"सासूबाईंना लहानपणी याची भीती वाटायची,"
बाई खाली बघत म्हणाल्या,
"थुंकी लावून पुसला त्यांनी."

ओगिनोसान हळहळले नाहीत.
पिशवीतून आपली दोन पानं काढली,
तिन्ही एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या,
दिव्यासमोर धरली.

कसरीने पाडलेलं भोक, मोहरीएवढं:
घोड्याच्या मानेतून,
पुसलेल्या माणसाच्या खांद्यातून,
म्हाताऱ्याच्या बाणांमधून
सरळ आरपार.
उजेडाचा ठिपका माझ्या बाहीवर पडला.

म्हणजे एकाच वहीत होती ही. एकाच अंधारात.
एकच किडा तिघांना भेटून गेला.

मी किंमत सांगितली. बाईंनी ती कमी केली.
ओगिनोसाननी पुन्हा वाढवली.
अशी उलटी घासाघीस
या दुकानाने कधी पाहिली नव्हती.

निघताना मी म्हटलं, क्योतोत एक कारागीर आहे,
चेहरा असा भरून देईल की कळणारही नाही.
ते टोपी घालत होते.
"सगळ्या लढाईत त्याला हरवलं कुणी,
तर त्या पोरीने," म्हणाले.
"राहू दे. तेवढी कसर राहू दे."