साडेएकोणीस

डॉक्टर भदौरियांनी विचारलं,
छातीवर किती किरणं दिली होती तेव्हा?
जुनी फाईल आहे?

फाईल नव्हती.
टेकडीवरच्या हॉस्पिटलातला रेकॉर्डवाला म्हणाला,
चौऱ्याण्णव? बहनजी, चौऱ्याण्णव तो दीमक खा गई,
आणि त्यानं हात झटकले,
जणू वाळवी त्याच्याच बोटांवर होती.

मी दहा वर्षांची होते.
मानेत लिंबाएवढी गाठ.
लश्करातून कंपूपर्यंत विक्रम टेंपोत
आईच्या मांडीवर,
कारण सीटवर बसलं की उलटी यायची
आणि सीट मिळायचीही नाही.
मशीनच्या खोलीचं दार जाड, तिजोरीसारखं.
आत मी एकटी.
मला वाटायचं, पैसे ठेवतात
तसं मला आत ठेवतात, जपून.

बरी झाले.
दौलतगंजात घरोघर पेढे गेले.
घसा बसलेलाच राहिला, म्हणून आईनं
तानसेनच्या समाधीपाशी नेऊन
चिंचेचा पाला चघळायला लावला.
आवाज परत आला.
गाणं काही आलं नाही,
ते आधीही येत नव्हतं.

तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही
की गाठ जाळणारे किरण
जाता जाता आत काहीतरी लिहून जातात कधी कधी,
इतक्या बारीक अक्षरांत
की वाचता येईपर्यंत माणूस चाळिशीला टेकतो.
होईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले.
पण इतर बायकांपेक्षा शक्यता जास्त.
दरवर्षी बघत राहायचं.
दुसरा, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला
आणि दोन्ही वेळा खिडकीकडे बघून.

माझ्या छातीवर तीन निळे ठिपके आहेत,
मशीनला नेम चुकू नये म्हणून गोंदलेले.
शाल्मली लहान असताना
थुंकी लावून पुसायची ते,
आई, तुझ्यावर पेन सांडलंय.
तिला पुरेसं दूध आलं नव्हतं.
सासूबाईंनी शतावरी दिली, मेथीचे लाडू केले,
मी रात्री रडून घेतलं.
किरणांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.
आमच्या मनातही नाही.

आईला सहज विचारलं, मेथी निवडता निवडता:
किती दिवस गेलो होतो गं आपण?
का, ते तिनं विचारलं नाही.
हात पुसले, ट्रंक उघडली,
शालूखालून च्यवनप्राशाचा डबा काढला
आणि ताटात ओतला.

चिंचोके.

तू आत असायचीस तेव्हा
मुठीत एक धरून बसायचे, ती म्हणाली,
घरी आलं की यात टाकायचे.
मी मोजले. एकोणीस.
आणि एक फोडलेला, अर्धा.

त्या दिवशी मध्येच लाईट गेली होती.
अर्धंच झालं.
पूर्ण कसा टाकणार?

भदौरियांनी तो अर्धा चिंचोका
दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिला.
मग त्या काळचा रोजचा डोस बहुधा इतका, असं पुटपुटत
गुणाकार केला,
नवीन फाईलच्या पहिल्या पानावर आकडा लिहिला
आणि त्याखाली, माहितीचा आधार: आई.

सही मी केली होती, आई जिन्यात म्हणाली.
तुझे बाबा दौऱ्यावर होते.
मी म्हटलं, कठड्याला धरून उतर.

एमआरआय आतून ठोकत राहतो,
कुणीतरी चुकीच्या घराचं दार वाजवावं तसा.
मी पालथी, हलायचं नाही.
एकोणीसपर्यंत मोजलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी रिपोर्ट आला.
या वर्षी काही नाही.
या वर्षी, हे भदौरियांनी हळू म्हटलं,
पण आईला कमी ऐकू येतं ते तिच्या सोयीनं.
कब तक दिखाना पड़ेगा? तिनं मोठ्यानं विचारलं.
उम्र भर, माताजी.

आईनं मान हलवली.
डबा पिशवीत टाकला, वर रुमाल ठेवला,
आणि दाराशी पोचल्यावर मला मराठीत म्हणाली,
मग हा लहान पडेल.