राखेचा नमुना

रिब्निक, जानेवारी. रात्रीचे आठ.
वारा पडलेला, आणि प्रत्येक धुराडं
आपापल्या घरातलं बोलून दाखवतंय.
पांढरा धूर: ओली लाकडं.
काळा, जड, छपरावरून घरंगळणारा: कोळशाची भुकटी.
पिवळट, गोडसर, घशाला चिकटणारा
कोत्सूरबाईंकडून येत होता.

मी नगरपालिकेचा बिल्ला दाखवला.
"या. बूट असू देत," म्हणाल्या,
जणू मी समाचाराला आलो होतो.

तळघरात भट्टी, शेजारी अर्धं कपाट.
अर्धं म्हणजे डावं दार, दोन खण
आणि आरसा नसलेली आरशाची चौकट.
उजवी बाजू सोमवारपासून जळत होती.

"एरिकनं लग्नाच्या साली केलेलं.
व्हार्निशचे तीन हात दिले, तिन्ही त्यानंच.
तो होता तोवर खाणीचा कोळसा घरपोच यायचा.
आता खाणीला टाळं लागलं.
थंडीला कोण लावणार?"

लांब दांड्याच्या पळीने मी राख काढली,
डब्यात भरली, झाकणावर मोहोर लावली.
राख खोटं बोलत नाही, असं प्रशिक्षणात शिकवतात.
प्रयोगशाळेत ती सगळं ओकते: सरस, शिसं, रंग.
हात कुणाचे होते, एवढं मात्र
तिला कुणी विचारत नाही.

पळीत एक बिजागरी आली, निळी पडलेली.
बाईंनी ती पदर नसलेल्या झग्यात झेलली,
भाजलं तरी सोडली नाही.

फॉर्मवर एक रकाना आहे: धुराचा उगम.
"कपाट" लिहिलं, खोडलं.
"रंगवलेलं लाकूड" लिहिलं.
त्याच्याही खाली जायचं तर
सहाशे मीटरवर गुडघ्यांवर बसलेला एरिक,
कपाळाला दिवा,
आणि त्याने वर पाठवलेल्या कोळशावर
उजळलेली कुठली कुठली शहरं.
रकाना दोन बोटांचा.

दंड पाचशे झ्वोटी.
"पेन्शन दहा तारखेला होते," त्या म्हणाल्या,
आणि माझ्या चहात न विचारता
दुसरा चमचा साखर घातली.

बाहेर गाडीत माझ्या मुलीचा दम्याचा पंप होता,
मागच्या सीटवर, मोज्यांच्या जोडीत.
याच गल्लीत पुढे चौथं घर माझ्या आईचं.
तिच्याही तळघरात भट्टी आहे.

वास आलाच.
मान मात्र मी
वर केली नाही.