जामीनदार

होमा बेला, मासळीच्या धक्क्यामागे माझं सायबर कॅफे.
तीन संगणक. एक रडतखडत चालतो.
कॉलेजं उघडायच्या आधी पोरं येतात
सरकारी कर्जाचे अर्ज भरायला.
पानाला दहा शिलिंग.

आज अवुओर आली.
वडील: हयात की मृत?
ती म्हणाली, होडी सापडली. ते नाही.
दाखला?
तळं कुठे दाखले देतं.
चीफ म्हणतो, माणूस बेपत्ता असेल तर
कायद्याने मरायला त्याला सात वर्षं लागतात.
झालीत चार.
'माहीत नाही' असा रकानाच नाही.
दोघं पडद्याकडे बघत बसलो,
तेवढ्यात वीज गेली
आणि बरं वाटलं.

जामीन राहायला न्याबोके आली, मासे तळणारी,
मनगटाला खवला चिकटलेला.
"पोर पळाली तर माझं काय नेतील?"
कढई, मी म्हणालो.
"नेऊ देत की! तिला तसंही भोक पडलंय."
आणि अंगठा उठवला.
शाईच्या आधी तेल उमटलं.

फेडायचं कधी, अवुओरने विचारलं.
शिक्षण संपलं की वर्षभराने.
मला हे उत्तर पाठ आहे.
त्याच खात्याची पत्रं माझ्या खणात पडून आहेत,
नऊ वर्षांची, दंडासकट;
स्थापत्य अभियंता, त्यांवर माझं नाव.
खण मी गुडघ्याने लोटला.

पानं मोजली. सात.
वडिलांचं कोरंच राहिलं होतं,
साठ घेतले.