आधी ‘इन’, मग घर

डंडीचं वाचनालय. मंगळवार. हीटर बंद.
एल्स्पेथबाई बुटाच्या खोक्यात पेन्सिल टाकतात,
मग खोक्यावर, खोक्यामागे.
आम्ही सातजण ओरडतो : इन, ऑन, बिहाइंड.

नोदार अडतो.
त्याच्या जॉर्जियनमध्ये घर आधी येतं,
‘आत’ नंतर चिकटतं त्याला.
इथे घर दिसायच्या आधीच
आत शिरायचं.

मग फळ्यावर ऑलदो.
नोदार लिहितो :
ऑलदो सुखुमीतलं घर अजून उभं आहे,
बट त्यात दुसरे राहतात.

बाई ‘बट’ पुसतात.
ऑलदो असलं की बट नको.
(मीही माझं ‘तरी’ गिळते.)

नोदार पुन्हा वाचतो.
घर उभं आहे,
त्यात दुसरे राहतात.
मधे नुसता स्वल्पविराम,
आणि त्याच्या बाहीला खडू.